दोन षटकांमधला वेळ कुणाचा?

षटक संपतं, क्षेत्ररक्षक बाजू बदलतात आणि त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात देशभरातल्या घरांतून एकच चित्र दिसू लागतं. कुणी चॉकलेट विकतं, कुणी सिमेंट, कुणी मोबाइलचं कनेक्शन. हा वेळ आपण आजवर हिशेबातच धरला नाही. चहाचं आधण ठेवायचं, राहिलेला फोन करून घ्यायचा, टीव्हीचा आवाज कमी करायचा, एवढ्यापुरताच तो आपला. तरीही पन्नाशीला आलेल्या कोणत्याही क्रिकेटवेड्याला विचारून पाहा. १९९६च्या विश्वचषकातले साखळी सामने त्याच्या डोक्यातून केव्हाच पुसले गेले असतील, पण पेप्सीची जाहिरात तो आजही सांगेल. २००९च्या आयपीएलमध्ये कोण कुणाविरुद्ध कधी जिंकलं हे सांगताना अडखळणाऱ्यांना व्होडाफोनच्या जाहिरातीतले झूझू लख्ख आठवतात.

ही आठवण किरकोळ समजून सोडून देता येत नाही. गाण्यांसारखी, सिनेमांसारखी आवडती जाहिरातही एका पिढीच्या सामायिक आयुष्याचा भाग होते. मोठ्या सामन्याच्या वेळी आजीपासून नातवंडापर्यंत सगळं घर एका खोलीत असतं, छाती धडधडत असते आणि मन सताड उघडं असतं. एरवी विक्रेत्याला दारातूनच परत पाठवणारे आपण त्या वेळी सावध नसतो. अशा वेळी जो आपल्याशी बोलतो त्याच्यावर एरवीपेक्षा जास्त जबाबदारी येते. ती कुणी कशी पाळली आणि कुणी कशी झुगारली, हे आपल्याच आवडत्या जाहिरातींकडे नीट पाहिलं की स्पष्ट दिसतं.

सुरुवात कॅडबरीपासून करावी लागते. ती १९९४ची जाहिरात कुठल्या एका स्पर्धेसाठी केलेली नव्हती, पण क्रिकेट आणि जाहिरात यांचं नातं तिच्याइतकं नेमकं दुसऱ्या कुणी पकडलं नाही. फलंदाज ९९ धावांवर आहे. प्रेक्षकांत बसलेली एक मुलगी हातात चॉकलेट घेऊन श्वास रोखून पाहतेय. तो उंच फटका मारतो, चेंडू हवेत जातो, खाली क्षेत्ररक्षक टपून आहे. झेल की षटकार? चेंडू सीमेपलीकडे पडतो आणि ती मुलगी कठडा ओलांडून, सुरक्षारक्षकाला चकवून, नाचत नाचत थेट खेळपट्टीपर्यंत धावते. नाच शिकलेल्या पावलांचा नाही, आनंदानं भान हरपलेल्या पावलांचा आहे. तिकडे तो फलंदाज संकोचानं अर्धमेला झालेला. जाहिरात पीयूष पांडे यांची, दिग्दर्शन महेश मथाई यांचं, संगीत लुई बँक्स यांचं, हिंदी गाण्याला आवाज शंकर महादेवन यांचा आणि नाचणारी मुलगी शिमोना राशी.

यात विकलं काय? चॉकलेट. तोवर आपल्याकडे चॉकलेट म्हणजे लहान मुलांचा खाऊ होता. मोठ्यांनीही ते मोकळेपणानं खावं, हे कंपनीला पटवून द्यायचं होतं. त्यासाठी तिनं पौष्टिकतेचे दाखले दिले नाहीत आणि कुणा सिनेनटाला समोर उभं केलं नाही. मोठ्या माणसाच्या आत दडलेलं मूल तिनं दाखवलं आणि त्यासाठी शतकाच्या उंबरठ्यावरचा क्षण निवडला. पीयूष पांडे स्वतः राजस्थानकडून रणजी करंडक खेळलेले होते. ९९ वरच्या फलंदाजाचा जीव कसा टांगणीला लागतो, हे त्यांना मैदानातून ठाऊक होतं. म्हणूनच त्या जाहिरातीत क्रिकेट ही नुसती पार्श्वभूमी राहिली नाही. क्रिकेट पाहणाऱ्याच्या भावनेला तिनं मान दिला आणि मग हळूच आपली वस्तू पुढे केली.

२०२१मध्ये त्याच कंपनीनं तीच जाहिरात उलटी करून दाखवली. या वेळी खेळपट्टीवर मुलगी आहे, चेंडू ती सीमेपार भिरकावते आणि मैदानात नाचत धावतो तो मुलगा. गाणं तेच, आनंद तोच, जागा तेवढ्या बदललेल्या. पहिली जाहिरात आली तेव्हा महिला क्रिकेट दूरचित्रवाणीवर जवळपास दिसतच नसे. महिलांचं क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली यायलाही २००६ उजाडावं लागलं. दुसरी आली तेव्हा स्मृती मानधनाचं नाव सांगलीच काय, साऱ्या देशातल्या मुलींना माहीत होतं. चांगली जाहिरात समाजाच्या दोन पावलं पुढे असते, असं सरसकट म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण समाज बदलत असतो त्याची ती नोंद घेते आणि त्या बदलाला घराघरांत मानाची जागा मिळवून देते, हे नक्की. २४ ऑक्टोबर २०२५ रोजी पीयूष पांडे गेले. त्यानंतर नवव्या दिवशी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला.

आता १९९६कडे येऊ. विल्स विश्वचषक भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी मिळून भरवला होता आणि स्पर्धेचं अधिकृत शीतपेय होण्याचा मान कोका-कोलानं पैसे मोजून मिळवला होता. पेप्सीला तो मिळाला नाही. तिनं आपली हारच घोषवाक्य बनवली: ‘नथिंग ऑफिशियल अबाउट इट’. अधिकृतपणाचा टिळा नसला तरी आमच्यात धमाल आहे, असं सांगणाऱ्या त्या जाहिराती तरुणांना भिडल्या, कारण त्या केवळ शीतपेयाबद्दल बोलत नव्हत्या. परवाने, शिक्के, शिफारशी आणि सरकारी खिडक्या यांत वाढलेल्या देशात अर्थव्यवस्था खुली होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. ‘अधिकृत’ म्हणून आपल्यासमोर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे डोळे मिचकावून पाहण्याची मुभा त्या पिढीला हवी होती. व्यापारी नीतीच्या दृष्टीनं हा डाव शुद्ध होता का? ज्यानं प्रायोजकत्वाचे पैसे भरले त्याच्या मांडवात शिरून आपलं दुकान मांडण्याचाच तो प्रकार होता आणि पुढच्या काळात आयोजकांनी अशा डावपेचांविरुद्ध नियम कडक केले. पण प्रेक्षकाशी त्या जाहिरातीनं लबाडी केली नाही. आपण अधिकृत नाही, हे तिनं उघड सांगितलं, किंबहुना तेवढंच सांगितलं.

२००९ साली लोकसभा निवडणुकांमुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली. त्याच वर्षी डावाच्या मध्यावर साडेसात मिनिटांचा ‘स्ट्रॅटेजिक टाइमआउट’ आला. खेळाच्या गरजेपेक्षा जाहिरातींसाठीच तो आणला, अशी टीका तेव्हाही झाली आणि पुढच्या वर्षी तो तोडून छोटा करावा लागला. थोडक्यात, ज्या मोसमात जाहिरातींनी खेळाच्या अंगावर पाय पसरले, त्याच मोसमात व्होडाफोनचे झूझू आले आणि लोक जाहिरातीची वाट पाहू लागले. ओगिल्व्हीच्या राजीव राव यांची कल्पना, निर्वाणा फिल्म्सच्या प्रकाश वर्मा यांचं दिग्दर्शन आणि चित्रीकरण केपटाउनमध्ये. अंड्यासारख्या डोक्याचे ते पांढरे जीव बहुतेकांना संगणकावर काढलेले वाटले. प्रत्यक्षात आत हाडामांसाची, शिडशिडीत अंगाची माणसं होती. अंगभर पांढरा पोशाख, वर भलंमोठं डोकं आणि चेहऱ्यावरचे भाव रबराचे तुकडे चिकटवून बदललेले. हालचाल मुद्दाम तुटक दिसावी म्हणून चित्रीकरणाचा वेगही नेहमीपेक्षा कमी ठेवला होता. शब्द जवळपास नाहीत, नुसते चित्रविचित्र आवाज. त्यामुळे मराठी घरात आणि मल्याळी घरात एकाच जागी हशा पिकत असे.

त्यातली खरी गोष्ट पुढेच आहे. एकच जाहिरात दिवसाला पन्नास वेळा दाखवली की कितीही चांगली असली तरी ती प्रेक्षकाला छळू लागते. म्हणून सुमारे तीस वेगवेगळे छोटे चित्रपट तयार केले गेले आणि मोसमभर एकामागून एक नवे येत राहिले. प्रेक्षक पुन्हा पुन्हा समोर बसणार आहे, त्याला प्रत्येक वेळी काहीतरी नवं दिलं पाहिजे, याची जाण त्यामागे होती. कष्टाचं आणि खर्चाचं काम होतं ते. आज एका डावात तीच ती जाहिरात दहा-दहा वेळा आदळते, बळी गेल्यावर फलंदाज सीमारेषा ओलांडण्याआधीच पडद्यावर गाडी धावू लागते, खेळ चालू असताना चित्र आक्रसून बाजूला पट्टी उगवते, तेव्हा ती जाण कुठे गेली, असा प्रश्न पडतो.

इथवर सगळं गोड आहे. पण आवडणं ही एकच कसोटी ठेवली तर आपण फसतो आणि ‘मौका मौका’ हे त्याचं ठळक उदाहरण आहे. २०१५च्या विश्वचषकात १५ फेब्रुवारीला अ‍ॅडलेडला भारत-पाकिस्तान सामना होता. त्यासाठी स्टार स्पोर्ट्सनं केलेल्या जाहिरातीत एक पाकिस्तानी क्रिकेटरसिक १९९२पासून फटाके घेऊन बसला आहे. विश्वचषकातल्या प्रत्येक लढतीत पाकिस्तान भारताकडून हरतो, फटाके परत ठेवले जातात, माणसाचं वय वाढतं, त्याला मूल होतं, फटाके तसेच राहतात. चेष्टा होतीच, पण त्या माणसाबद्दल माया होती. हरूनही पुढच्या वेळी पुन्हा आशेनं बसणारा रसिक सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो आणि तोच आपल्याला त्याच्यात दिसला. पहिली जाहिरात गाजली म्हणून दुसरी आली, तिसरी आली. माया आटत गेली आणि उरला तो खिजवण्याचा सूर. २०१९च्या विश्वचषकात हा सामना पितृदिनाच्या दिवशी आला, तर भारत हा ‘बाप’ आहे अशी जाहिरात झळकली. तिकडे पाकिस्तानात विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांच्या कैदेची टिंगल करणारी जाहिरात निघाली. सानिया मिर्झानं दोन्ही बाजूंच्या जाहिरातींबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, ते योग्यच होतं. प्रतिस्पर्धी नसेल तर सामनाच नाही. त्याची अवहेलना विकणारा शेवटी खेळाचीच किंमत कमी करतो.

त्याहून गंभीर प्रश्न आहे तो वस्तूचा. जाहिरात कशी आहे याच्याइतकंच ती काय विकते हेही पाहायला हवं. उत्तम विनोद, लाडका खेळाडू, देखणं चित्रीकरण यांच्या आडून घरादाराला बुडवणारी गोष्ट आत येत असेल, तर कला जितकी सरस तितका धोका मोठा. २०२१च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात आभासी चलनाची देवघेव करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींचा पाऊस पडला. पैसे गुंतवणं म्हणजे जणू मोबाइलवर बोट फिरवणं, असा त्यांचा थाट होता. जोखमीची ठळक सूचना देण्याचं बंधन जाहिरातक्षेत्राच्या स्वनियमन संस्थेनं घातलं ते पुढच्या वर्षीच्या एप्रिलपासून. विश्वचषक तोवर होऊन गेला होता. मग पैसे लावून संघ निवडण्याच्या खेळांची पाळी आली. न्यायालयांनी अशा खेळाला कौशल्याचा खेळ मानलं होतं, त्यामुळे कायद्याच्या अंगानं वाट मोकळी होती. राष्ट्रीय संघाच्या छातीवर त्यांचं नाव आलं, आजी-माजी खेळाडू त्यांच्या जाहिरातींत हसत-खेळत दिसू लागले आणि व्यसन लागू शकतं, आर्थिक नुकसान होऊ शकतं ही सूचना शेवटी घाईघाईत उरकली जाऊ लागली. चॉकलेट न आवडलं तर माणसाचे दहा रुपये जातात. इथे तरुण मुलाचा पगार जातो आणि पुढे उधारीचं चक्र सुरू होतं.

वेलचीचंही तेच. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, तंबाखूच्या जाहिरातींना देशभर २००३च्या कायद्यानं मनाई आहे. तरी पानमसाल्याच्याच नावानं विकली जाणारी वेलची पडद्यावर येते. १९८३च्या विश्वविजेत्या संघातले सुनील गावसकर आणि कपिलदेव यांच्यासारखे दिग्गजही अशा वेलचीच्या जाहिरातीत दिसले, याचं आमच्या पिढीला दुःख आहे. वेलचीची पुडी कोण विकत घेतो हे लहान मुलालाही कळतं. डोक्यात नाव रुजवायचं असतं, वस्तू कोणती ते टपरीवर ठरतं. छुप्या जाहिरातींना २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आणि मार्च २०२५मध्ये आरोग्य खात्यानं आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून तंबाखू आणि मद्याच्या छुप्या जाहिरातीही बंद करायला सांगितलं. नियम आहेत, ते पाळले जातील अशी इच्छा कमी पडते.

यावर एक उत्तर हमखास मिळतं: हे खेळाडूंच्या विवेकावर सोडा. सचिन तेंडुलकरचं उदाहरण इथे डोळे उघडणारं आहे. वडिलांना, म्हणजे कवी आणि मराठीचे प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांना दिलेल्या शब्दामुळे त्यानं तंबाखू आणि मद्याची जाहिरात कधीच केली नाही. १९९६च्या विश्वचषकात, ज्या स्पर्धेचं नावच सिगारेटच्या ब्रँडवरून होतं, सर्वाधिक ५२३ धावा करणाऱ्या त्याच्या बॅटवर एकही स्टिकर नव्हता. या निष्ठेपुढे नतमस्तक व्हावं. पण त्याच सचिननं पुढे ऑनलाइन गेमिंगची जाहिरात केली आणि ऑगस्ट २०२३मध्ये आमदार बच्चू कडू यांनी त्याच्या वांद्र्याच्या घराबाहेर आंदोलन केलं. मद्य आणि तंबाखू यांचा धोका वडिलांच्या पिढीला ठाऊक होता. मोबाइलमधल्या पैशाच्या खेळाचा धोका तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. इतक्या सचोटीच्या माणसालाही जिथे रेषा नीट दिसत नाही, तिथे विवेक एकट्या खेळाडूच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. रेषा आखण्याचं काम संस्थेचं आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि तो मी गांभीर्यानं घेतो. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच मोसमांच्या प्रक्षेपणहक्कांसाठी ४८,३९० कोटी रुपये मोजले गेले. ४१० सामन्यांचा हिशेब केला तर एका सामन्यामागे सुमारे ११८ कोटी. हा पैसा मुख्यतः जाहिरातींतून वसूल होतो. रणजीपटूचं मानधन, निवृत्त खेळाडूंचं निवृत्तिवेतन, महिलांची लीग हे सगळं त्यावर चालतं. मग जाहिरातदार निवडून घ्यायला लागलो तर खेळाचं काय होईल, असं विचारतात. याचं उत्तर इतिहासानं दोनदा दिलं आहे. २००१मध्ये सिगारेटचा ब्रँड भारतीय संघाच्या पोशाखावरून उतरला, क्रिकेट बुडालं नाही, दुसरा प्रायोजक आला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली, असाच खेळ चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय संघाच्या छातीवरून गेलं, आणि सप्टेंबर संपण्याआधी एक टायर कंपनी आधीपेक्षा मोठी रक्कम घेऊन पुढे आली. ज्या खेळासमोर देश रात्री जागून बसतो, त्याला गिऱ्हाइकाची वानवा नसते.

तिसरा आक्षेप असा की जाहिरात नको तर बघू नका, टीव्ही तुमचा आहे. टीव्ही माझा आहे हे खरंच. पण ज्या लहरींवरून ते चित्र येतं त्या कुणाच्या? १९९३च्या हिरो चषकाच्या वेळी प्रक्षेपणावरून दूरदर्शन, सरकार आणि बंगाल क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५च्या निकालात, ज्याचं प्रमुख निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलं, न्यायालयानं सांगितलं की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनहितासाठी व्हायला हवा. या निकालानं दूरदर्शनची मक्तेदारी मोडली, खासगी वाहिन्यांना बळ मिळालं आणि क्रिकेट मंडळ जगातलं सर्वांत श्रीमंत होण्याचा रस्ताही त्यातूनच निघाला. निकालाचा फायदा सगळ्यांनी घेतला, त्यातलं जनहित मात्र सोयीनं मागे राहिलं. आज बरंचसं प्रक्षेपण केबल आणि इंटरनेटवरून येतं, हे मान्य. तत्त्व त्यानं बदलत नाही. सामन्याला किंमत येते ती बघणाऱ्यांमुळे, म्हणून त्या वेळावर बघणाऱ्यांचाही हक्क आहे.

बघणाऱ्यांनी आवाज उठवला तर फरक पडतो, हेही दिसलं आहे. एप्रिल २०२२मध्ये वेलचीच्या जाहिरातीत आल्याबद्दल चाहत्यांनी अक्षय कुमारला धारेवर धरलं, तेव्हा काही दिवसांतच त्यानं माफी मागून त्या जाहिरातीतून अंग काढून घेतलं. कोर्ट नाही, कायदा नाही. चाहत्यांची नाराजी पुरली.

म्हणून मागण्या साध्या आहेत. क्रिकेट मंडळानं प्रक्षेपणहक्क विकतानाच करारात स्पष्ट लिहावं की कोणत्या वस्तूंची जाहिरात सामन्यात चालणार नाही, आणि ती यादी लोकांसमोर ठेवावी. पानमसाला, मद्य आणि त्यांच्या नावानं विकली जाणारी सोडा-वेलची त्या यादीत पहिल्या ओळीत असावी. पैशाची जोखीम असलेल्या कोणत्याही उत्पादनाची सूचना माणूस बोलतो त्या वेगानं ऐकू यावी. आणि खेळ चालू असताना पडद्याचा प्रत्येक कोपरा खेळाचाच राहावा.

जाहिरात करणाऱ्या तरुण मराठी मुलामुलींनाही एक सांगावंसं वाटतं. तुमच्याआधी याच मुंबईत बसून लोकांनी अर्ध्या मिनिटात अशी गोष्ट सांगितली आहे की तीस वर्षांनंतर ती आठवून माणसं आनंदतात. तो तुमचा वारसा आहे, त्याला साजेसं काम करा. आणि प्रेक्षक म्हणून आपण एवढं करू या: पुढच्या सामन्यात एखादी जाहिरात आवडली तर तिचं कौतुक मोकळ्या मनानं करू, पण त्याच दमात विचारू, ही विकते काय? उत्तर घरातल्या मुलांसमोर सांगण्याजोगं नसेल, तर प्रक्षेपक वाहिनीला, मंडळाला आणि त्या खेळाडूला तसं लिहून कळवू. टाळ्या वाजवण्याचा हक्क आपला आहे, तसाच नकार देण्याचाही.